न दिसणाऱ्या शस्त्रांची मोजदाद

सप्टेंबर १९३८ च्या अखेरच्या आठवड्यांत लंडनमधील शाळांपुढें आणि सार्वजनिक सभागृहांपुढें लोकांच्या लांबच लांब रांगा लागल्या होत्या. आंत गेलेला मनुष्य बाहेर येई तो हातांत काळ्या रबराचा एक मुखवटा घेऊन. त्याच्या पुढच्या अंगास पत्र्याचा एक डबा असे आणि डोळ्यांपुढें पारदर्शक पट्टी. म्यूनिकचा तह होऊन तें संकट त्या वेळेपुरतें टळलें. परंतु तोंपर्यंत ब्रिटनमध्यें सुमारें ३ कोटी ८० लक्ष मुखवटे वांटून झाले होते. तान्ह्या मुलांसाठीं मात्र त्या वेळीं कसलेंही साधन तयार नव्हतें, आणि मांडीवर मूल घेऊन आलेल्या मातांच्या प्रश्नास अधिकाऱ्यांपाशीं उत्तर नव्हतें.

ज्या विषारी वायूच्या भयानें ही सारी तयारी झाली, तो वायु लंडनवर कधींच सोडला गेला नाहीं. मग सरकारचें अनुमान चुकलें असें म्हणावयाचें, कीं तयारी पाहूनच शत्रु मागें सरला असें म्हणावयाचें? हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाहीं. गेल्या शंभर वर्षांत अनेक सरकारांनीं रासायनिक व जंतुशस्त्रांच्या धोक्याविषयीं अनुमानें बांधलीं. त्यांतील कांहीं अनुमानांच्या आधारानें घरोघर मुखवटे वांटले गेले, कांहींच्या आधारानें युद्धें झालीं, आणि कांहीं वेळां अनुमानच न केल्यामुळें माणसें प्राणास मुकलीं. म्हणून हीं अनुमानें कशीं होतात आणि कोठें चुकतात, हें समजून घेणें हें केवळ सेनापतींचें काम नव्हे.

या शस्त्रांची पहिली अडचण अशी कीं, तीं दिसत नाहींत. तोफा मोजतां येतात. युद्धनौका बंदरांत उभ्या असतात. रणगाड्यांचे तांडे विमानांतून टिपतां येतात. परंतु ज्या जातीच्या यंत्रांनीं पिकांवरील कीड मारण्याचें औषध तयार होतें, त्याच जातीच्या यंत्रांनीं माणसें मारण्याचें विषही तयार होऊं शकतें. ज्या पात्रांत लसीसाठीं जंतु वाढवितात, त्या पात्रांत रोग पसरविण्यासाठींही ते वाढतात. कारखान्याच्या भिंतीकडे पाहून आंतल्या माणसाचा हेतु कळत नाहीं. त्यामुळें सरकारला तीन गोष्टींचा तर्क करावा लागतो: शत्रूला हें साधतें काय, त्यानें तें प्रत्यक्ष तयार केलें आहे काय, आणि केलें असल्यास तो तें वापरील काय. सामर्थ्य, साठा आणि हेतु या तीन निरनिराळ्या गोष्टी होत. परंतु भीतीच्या किंवा आत्मविश्वासाच्या भरांत एकीवरून दुसरी आणि दुसरीवरून तिसरी सिद्ध झाली असें मानण्याचा मोह फार मोठा असतो. बहुतेक चुकांचें मूळ येथेंच सांपडतें.

अर्वाचीन वायुयुद्धाचा आरंभच अशा एका चुकीनें झाला. एप्रिल १९१५ मध्यें बेल्जममधील ईप्र या गांवाजवळ एक जर्मन सैनिक आपली बाजू सोडून फ्रेंचांच्या खंदकांत आला. विषारी वायूनें भरलेलीं नळकांडीं पुढच्या खंदकांत पुरून ठेवलीं असून अनुकूल वाऱ्याची वाट पाहिली जात आहे, असें त्यानें सांगितलें. नाकातोंडावर बांधावयाची एक गादीही त्याच्यापाशीं सांपडली. एका फ्रेंच सेनाधिकाऱ्यानें ही खबर गंभीरपणें घेऊन वर कळविली. परंतु वरिष्ठांना ती फसवणुकीची वाटली. विषारी वायु फेंकणाऱ्या शस्त्रांवर १८९९ सालीं हेग येथें राष्ट्रांनीं बंदी मान्य केलीच होती! २२ एप्रिलच्या सायंकाळीं वारा फिरला आणि सुमारें सहा किलोमीटर लांबीच्या आघाडीवर दीडशें टनांहून अधिक क्लोरिन वायु सोडण्यांत आला. हिरवट पिंवळा ढग जमिनीलगत सरकत आला, आणि खंदकांतील सैनिक गुदमरून मेले किंवा वाट फुटेल तिकडे धांवले. पुरावा हातीं होता. उणीव होती ती विश्वासाची.

पुढच्या पिढीनें हा धडा घेतला, पण तो घेतांना ती दुसऱ्या टोकास गेली. १९२५ सालच्या जिनीव्हा येथील करारानें विषारी वायु व जंतु यांचा युद्धांतील वापर निषिद्ध ठरला. तथापि १९३५-३६ मध्यें इटलीनें अबिसिनियांत मस्टर्ड गॅस वापरला, तेव्हां कागदावरील बंदीवर कोणाचाच भरंवसा उरला नाहीं. १९३७ च्या सुमारास ब्रिटिश सरकारच्या तज्ज्ञांनीं असा हिशेब मांडला कीं, युद्ध सुरू झाल्यास साठ दिवसांच्या बाँबवर्षावांत सहा लक्ष माणसें मरतील आणि बारा लक्ष जखमी होतील. पहिल्या महायुद्धांत लंडनवर जे थोडे हल्ले झाले, त्यांवरून दर टन बाँबमागें पन्नास माणसें मरतील अथवा घायाळ होतील असें प्रमाण काढून तें शत्रूच्या सर्व विमानांना लावण्यांत आलें होतें. त्रैराशिक बिनचूक होतें. चूक होती ती आधारांत. प्रत्यक्षांत सहा वर्षांच्या संबंध युद्धांत हवाई हल्ल्यांनीं ब्रिटनमध्यें सुमारें साठ हजार नागरिक मृत्युमुखीं पडले. हा आंकडा लहान नव्हे. परंतु साठ दिवसांच्या भाकिताचा तो केवळ दहावा हिस्सा होता.

आणि नवल असें कीं, जें संकट कल्पिलें होतें तें फुगवून पाहिलें गेलें, तर जें खरोखर वाढत होतें तें दिसलेंच नाहीं. डिसेंबर १९३६ मध्यें लेव्हरकुसेन येथील रसायनशास्त्रज्ञ गेरहार्ड श्राडर कीटकनाशकें शोधीत असतांना त्याच्या हातीं एक असा पदार्थ लागला कीं, त्याच्या अल्पशा अंशानेंही माणसाच्या मज्जातंतूंचा व्यापार बिघडावा. लष्करी महत्त्वाचा प्रत्येक शोध सैन्यास कळविण्याचा तेथें कायदाच होता. या विषास ‘टाबुन’ हें नांव मिळालें, आणि महायुद्धाच्या काळांत डिहर्नफुर्ट येथील कारखान्यांत तें सुमारें बारा हजार टन तयार झालें. ब्रिटनमधील मुखवटे वांटणाऱ्या अधिकाऱ्यांना त्याचा पत्ताही नव्हता. १९४३ मध्यें ट्यूनिशियांत पकडलेल्या एका जर्मन रसायनज्ञानें चौकशींत या विषाविषयीं सविस्तर माहिती दिली. परंतु अशा प्रकारचा पदार्थ ब्रिटिश तज्ज्ञांच्या अनुभवांत बसत नव्हता आणि ती माहिती बाजूस पडली. एप्रिल १९४५ मध्यें जर्मन दारूगोळ्याच्या सांपडलेल्या साठ्यांतील तोफगोळे उघडून पाहिल्यावरच सत्य उजेडांत आलें.

याच गोष्टीची दुसरी बाजू अधिकच बोधप्रद आहे. जर्मनांचा समज असा होता कीं, हें विष शत्रूपाशींही असलेंच पाहिजे. १९४३ सालीं हिटलरनें विचारलें असतां रसायन उद्योगांतील तज्ज्ञ ऑटो आंब्रोस यानें सांगितलें कीं, या पदार्थांचें मूळ रसायनशास्त्र पूर्वींच प्रसिद्ध झालेलें असल्यानें शत्रूला तें अवगत असावें, आणि शत्रूची उत्पादनशक्ति मोठी आहे. वस्तुतः दोस्त राष्ट्रांपाशीं टाबुन नव्हतेंच. एका पक्षाला दुसऱ्याचें खरें शस्त्र दिसलें नाहीं. दुसऱ्या पक्षाला पहिल्याचें नसलेलें शस्त्र दिसलें. जर्मनीनें तें विष वापरलें नाहीं याचीं कारणें अनेक असतील; पण त्यांत या चुकीच्या समजुतीचा वांटा असावा. लंडनकरांचें रक्षण त्यांच्या सरकारच्या ज्ञानानें केलें नाहीं. अंशतः तें शत्रूच्या अज्ञानानें केलें!

महायुद्धानंतर अनुमानांचा हा खेळ अमेरिका आणि सोव्हिएट रशिया यांच्यामध्यें रंगला. १९७२ च्या करारानें जंतुशस्त्रें तयार करणें व बाळगणें हेंही निषिद्ध ठरलें. १९७५ पासून तो अंमलांत आहे. परंतु तो पाळला जातो कीं नाहीं हें तपासणारी यंत्रणा त्यांत ठेवलेली नाहीं. सप्टेंबर १९८१ मध्यें अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री अलेक्झांडर हेग यांनीं बर्लिन येथील भाषणांत असा आरोप केला कीं, आग्नेय आशियांत बुरशीपासून काढलेलें विष शस्त्र म्हणून वापरलें जात आहे. लाओसमधून आलेल्या ह्मोंग निर्वासितांनीं आकाशांतून पडणाऱ्या पिंवळ्या थेंबांची हकीकत सांगितली होती. या हकीकतीस ‘पिंवळा पाऊस’ असें नांव पडलें.

हार्वर्ड विद्यापीठांतील मॅथ्यू मेसेलसन आणि मधमाश्यांचे अभ्यासक टॉमस सीली यांनीं या थेंबांची तपासणी केली, तेव्हां त्यांत फुलांचे पराग आढळले. विष पसरविणारा त्यांत पराग कशासाठीं मिसळील? शिवाय त्या परागांतील सत्त्व पचून गेलेलें होतें. म्हणजे हे थेंब कोणातरी प्राण्याच्या पोटांतून आलेले होते. १९८४ मध्यें थायलंडांत संशोधन करीत असतां या शास्त्रज्ञांच्या अंगावरच असा पाऊस पडला. आपल्याकडे जिला आग्या मोहोळाची माशी म्हणतात, त्या जातीच्या माश्या थव्यानें उंच उडून मलोत्सर्ग करतात, त्याचे ते पिंवळे थेंब होते. ब्रिटनच्या पोर्टन डाउन येथील सरकारी प्रयोगशाळेसही आपल्या नमुन्यांत तें विष सांपडलें नाहीं. निर्वासितांचें दुःख खोटें नव्हतें. त्यांनीं बाँब, उपासमार आणि पलायन हें सारें सोसलें होतें. परंतु थेंबांविषयींचा सिद्धांत बहुतेक शास्त्रज्ञांनीं अमान्य केला.

या हकीकतीवरून ‘सरकार खोटें आणि शास्त्रज्ञ खरे’ असा निष्कर्ष कोणी काढील, तर त्यानें पुढची हकीकत ऐकावी. एप्रिल १९७९ मध्यें उरल पर्वताजवळील स्वेर्दलोव्स्क शहरांत एकाएकीं माणसें मरूं लागलीं. त्यांना झालेला रोग अँथ्रॅक्स, म्हणजे गुरांना होणारी काळपुळी, हा होता. दूषित मांस खाल्ल्यानें तो झाला असें सोव्हिएट सरकारनें सांगितलें. अमेरिकन हेरखात्याचा तर्क निराळा होता: शहरांतील लष्करी आवारांतून जंतु हवेंत निसटले असावेत. पुरावा तुटपुंजा होता. मेसेलसन यांनीं सोव्हिएट डॉक्टरांची बाजू ऐकली, तेव्हां त्यांना मांसाचा खुलासा संभवनीय वाटला.

१९९२ सालीं रशियाचे अध्यक्ष बोरिस येल्त्सिन यांनीं दोष लष्कराकडे असल्याचें कबूल केलें, आणि त्याच वर्षीं मेसेलसन स्वतः सहकाऱ्यांसह त्या शहरांत गेले. त्यांच्या पथकांतील जीन गिलेमिन यांनीं घरोघर जाऊन मृतांच्या नातलगांकडून कोण त्या दिवसांत कोठें होतें हें विचारून घेतलें. सरकारी कागद गुप्त पोलिसांनीं नेलेले होते; परंतु फाइना अब्रामोव्हा आणि लेव्ह ग्रिनबेर्ग या दोघां स्थानिक विकृतिशास्त्रज्ञांनीं मृतांच्या शरीरांतील नमुने इतकीं वर्षें लपवून ठेवले होते. रोग फुफ्फुसांवाटे शिरला होता, हें त्या नमुन्यांवरून दिसलें. नकाशावर खुणा केल्या तेव्हां बहुतेक सर्व रोगी एका अरुंद पट्ट्यांत पडले; तो पट्टा लष्करी आवारापासून सुरू होई आणि २ एप्रिल १९७९ रोजीं वारा ज्या दिशेनें वाहत होता त्या दिशेनें जाई. निदान ६६ माणसें मेलीं होतीं. मेसेलसन यांनीं १९९४ मध्यें हा निष्कर्ष प्रसिद्ध केला. आपणांस जें पूर्वीं संभवनीय वाटलें होतें त्याच्या तो विरुद्ध होता. शास्त्राची प्रतिष्ठा चूक न होण्यांत नसते. ती चूक सुधारण्याच्या रीतींत असते.

तात्पर्य, तेंच सरकार एका प्रकरणीं चुकलें आणि दुसऱ्या प्रकरणीं खरें ठरलें. दोन्ही वेळां पुरावा थोडा होता. फरक कळला तो पुढें प्रत्यक्ष जागेवर जाऊन, वारा, पराग आणि थडगीं यांची साक्ष काढल्यावर.

इराकच्या प्रकरणांत या दोन्ही प्रकारच्या चुका आठ वर्षांच्या अंतरानें दिसतात. १९९१ च्या युद्धानंतर रॉल्फ एकेउस यांच्या अध्यक्षतेखालीं संयुक्त राष्ट्रांचें तपासणी मंडळ इराकांत काम करीत होतें. आपण जंतुशस्त्रें कधीं केलींच नाहींत, असें इराक सांगत होता. अल हकम येथील कारखाना गुरांच्या खाद्याचा आहे, असेंही त्याचें म्हणणें होतें. तपासनिसांनीं परदेशी व्यापाऱ्यांकडून खरेदीचे कागद मिळविले. जंतु वाढविण्याचें पोषकद्रव्य इराकनें सुमारें ३९ टन आणविलें होतें. रुग्णालयांना त्याचा लहानसा अंशही पुरला असता. उरलेलें कोठें गेलें? या साध्या जमाखर्चाच्या प्रश्नास उत्तर नव्हतें. जुलै १९९५ मध्यें इराकनें जंतु तयार केल्याचें मान्य केलें, आणि पुढच्याच महिन्यांत सद्दाम हुसेन यांचे जांवई हुसेन कामेल जॉर्डनमध्यें पळून गेल्यावर शस्त्रें भरल्याचीही कबुली दिली. १९९६ मध्यें तो कारखाना उध्वस्त करण्यांत आला.

तथापि या यशांतूनच पुढील अपयश जन्मलें. जो एकदां खोटें बोलला तो सदैव खोटेंच बोलत असणार, असें गृहीत धरलें गेलें. सप्टेंबर २००२ मध्यें ब्रिटिश सरकारनें प्रसिद्ध केलेल्या पत्रिकेंत, आज्ञा मिळाल्यापासून पंचेचाळीस मिनिटांत इराक अशीं शस्त्रें सज्ज करूं शकेल असें विधान आलें. फेब्रुवारी २००३ मध्यें अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनीं सुरक्षा समितीपुढें फिरत्या जंतुप्रयोगशाळांचीं चित्रें दाखविलीं. त्या प्रयोगशाळांची माहिती मुख्यतः जर्मनींत आश्रय घेतलेल्या एका इराकी गृहस्थाकडून आली होती. त्याचें सांकेतिक नांव ‘कर्व्हबॉल’. अमेरिकन हेरखात्यानें आपल्या माणसांकरवीं त्याची स्वतंत्र चौकशी केलेलीच नव्हती. २०११ मध्यें त्यानें आपण खोटें सांगितल्याचें जाहीरपणें मान्य केलें. पण युद्ध २० मार्च २००३ रोजींच सुरू होऊन गेलें होतें.

युद्धानंतर चार्ल्स ड्युएल्फर यांच्या पथकानें २००४ मध्यें निर्णय दिला कीं, इराकनें आपले जाहीर न केलेले रासायनिक साठे १९९१ मध्येंच नष्ट केले होते. त्याच वर्षीं ब्रिटनमधील बटलर समितीनें दाखवून दिलें कीं, हेरखात्याच्या मूळ कागदांतील ‘बहुधा’, ‘कदाचित्’, ‘माहिती अपुरी’ हे इशारे प्रसिद्ध पत्रिकेंत उतरले नाहींत. लहान अधिकाऱ्याच्या टिपणांतील शंका वर चढतां चढतां गळून गेली आणि शेवटीं मंत्र्याच्या तोंडीं खात्री उरली. अनुमानाची भाषा बदलली कीं अनुमानच बदलतें, हा या प्रकरणाचा खरा धडा होय.

सरकारांचें सारें लक्ष राष्ट्रांकडे असतांना धोका अन्यत्रही वाढूं शकतो. जून १९९४ मध्यें जपानांतील मात्सुमोतो शहरीं रात्रीं सारिन या विषारी वायूनें माणसें मेलीं. पोलिसांची नजर तेथल्याच एका निरपराध रहिवाशावर खिळली. त्याची स्वतःची पत्नी त्या वायूनें बेशुद्ध झाली होती, ती पुढें चौदा वर्षांनीं, २००८ मध्यें, वारली. खरा अपराधी ‘ओम् शिनरिक्यो’ हा पंथ होता. त्यानेंच २० मार्च १९९५ रोजीं टोकियोच्या भुयारी रेल्वेंत पुन्हां सारिन सोडला, दहांहून अधिक माणसें मेलीं आणि हजारों रुग्णालयांत गेलीं. याच पंथानें १९९३ मध्यें टोकियोंत एका इमारतीच्या छपरावरून काळपुळीचे जंतु फवारले होते. ते लसीच्या निरुपद्रवी जातीचे असल्यानें कोणी आजारी पडलें नाहीं, आणि म्हणून कोणाच्या लक्षांतही आलें नाहीं.

यावर उपाय काय? रासायनिक शस्त्रांपुरता एक उपाय सांपडला आहे. तो म्हणजे अनुमानाची जागा मोजमापास देणें. २९ एप्रिल १९९७ पासून अंमलांत आलेल्या करारानुसार प्रत्येक राष्ट्रानें आपला साठा जाहीर करावयाचा, हेग येथील संस्थेच्या तपासनिसांनीं तो मोजावयाचा आणि त्यांच्या डोळ्यांदेखत तो नष्ट करावयाचा. भारताचें उदाहरण येथें लक्षांत घेण्याजोगें आहे. ऑगस्ट १९९२ मध्यें भारत व पाकिस्तान यांनीं रासायनिक शस्त्रें कधींही तयार न करण्याची वा न मिळविण्याची संयुक्त घोषणा केली होती. जून १९९७ मध्यें भारतानें आपल्यापाशीं मस्टर्ड गॅसचा साठा असल्याचें करारान्वयें जाहीर केलें. तो १,०४४ टन होता, आणि २००९ मध्यें तो तपासनिसांच्या देखरेखीखालीं संपूर्ण नष्ट झाला. घोषणेनें जें कळलें नाहीं तें मोजणीनें कळलें. जुलै २०२३ मध्यें अमेरिकेनें आपला अखेरचा साठा नष्ट केला, आणि जगांतील जाहीर झालेले सर्व साठे संपले.

‘जाहीर झालेले’ हा शब्द मात्र विसरूं नये. सीरियानें २०१३ मध्यें सुमारें १,३०० टन साठा जाहीर केला व तो नष्टही झाला. तरी ४ एप्रिल २०१७ रोजीं खान शेखून येथें सारिननें माणसें मेलीं, आणि त्याची जबाबदारी आंतरराष्ट्रीय चौकशीनें सीरियाच्या सरकारवर ठेविली. जंतुशस्त्रांविषयीं तर अशी मोजणी करणारी संस्थाच नाहीं. तेथें अजून तर्कावरच भिस्त आहे.

म्हणून सुबुद्ध नागरिकानें अशा अनुमानाकडे भाबडेपणानें पाहूं नये आणि तुच्छतेनेंही पाहूं नये. ‘धोका आहे’ असें सरकार सांगेल तेव्हां तीन प्रश्न विचारावेत. हें शत्रूच्या सामर्थ्याविषयीं बोललें जात आहे, साठ्याविषयीं, कीं हेतूविषयीं? ही माहिती एकाच तोंडून आली आहे, कीं परस्परांशीं संबंध नसलेल्या अनेक मार्गांनीं? आणि मूळ टिपणांत जी शंका होती, ती या विधानांत कोठें आहे? ‘धोका नाहीं’ असें सांगितलें जाईल तेव्हांही हेच प्रश्न तितक्याच कसोशीनें विचारावेत. ईप्रच्या खंदकांतील सैनिकांसाठीं ते कोणीं विचारले नाहींत, आणि इराकविषयीं ज्यांनीं विचारले त्यांचें कोणीं ऐकलें नाहीं. दोन्हीकडे किंमत मोजली ती ज्यांना अनुमान करण्याचा अधिकार नव्हता अशा माणसांनीं.